शेगाव ते पंढरपूर : पाय आणि पायरी

शेगावहून गजानन महाराजांची पालखी निघते तेव्हा वऱ्हाडातलं ऊन पुरतं उतरलेलं नसतं. पंढरपूर साधारण ७५० किलोमीटर, चाल महिनाभराची. आम्ही नव्या वारकऱ्याला आधी चपलेचं सांगतो : नवी घालून निघू नका. दोन महिने वापरलेली, मागं पट्टा असलेली घ्या. फोड अंतरानं येत नाही, घामानं आणि घासण्यानं येतो. म्हणून पहाटे निघण्याआधी बोटांच्या बेचक्यात अन् टाचेला खोबरेल चोळायचं. फोड आलाच तर उकळलेल्या सुईनं कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा. फोडात दोरा ओवून ठेवायची जुनी रीत आहे, ती सोडा. त्या दोऱ्यावाटे घाण आत जाते आणि पाय पिकतो.

उन्हात नुसतं पाणी पीत चाललं तरी भोवळ येते, कारण घामातून मीठ गेलेलं असतं. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. हे जवळ असू द्या. पातूरनंतर मेडशीकडे घाट लागतो. चढाला पोटऱ्या भरून येतात, उताराला अंगठा पुढं आपटून नख काळं पडतं, म्हणून नखं आधीच कापलेली बरी. पाऊस झाला की जवळची वाट म्हणून वावरातून जाऊ नका. काळ्या मातीचा गारा चपलेला धरतो, पाऊल जड होतं आणि गुडघा जातो. कडेच्या मुरमावरून चाला.

दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, आणि मागं तुळस-हंडेवाल्या बाया. पुढचे अभंगाला क्षणभर थांबले की तो खोळंबा मागं साठत जातो. चाल पुन्हा धरली की शेवटच्यांना अक्षरशः पळावं लागतं. सगळ्यात जास्त दमणूक त्यांचीच, आणि डोक्यावर ओझंही त्यांच्याच. निदान घाटात तरी बायांना अन् म्हाताऱ्यांना पुढं घ्यावं, चाल त्यांच्या पावलानं ठरावी.

वाटेत सगळे एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात. कुणी आडनाव विचारत नाही. पण वाटेवर यायलाच किती जणांना जमतं? दिवस पेरणीचे. ज्याच्या घरी पेरायला दुसरा माणूस आहे तो निघतो. रोजमजुरीवाल्याची महिन्याची मजुरी बुडते. बाई निघाली तर घरचं, गुराढोरांचं कोण करणार, हे आधी ठरवावं लागतं. मोकळे पाय प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत.

पैनगंगा ओलांडली की विदर्भ मागं राहतो. पुढं परभणी, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर, सोलापूर. शेवटी मंगळवेढा. इथं गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून १३३८ साली चोखोबा गेले. त्यांचं जन्मगाव आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा मानतात. पंढरपुरात त्यांची समाधी नामदेव पायरीजवळ, महाद्वाराबाहेर आहे. इतकं चालणं झालं, पण चोखोबांना अस्पृश्य मानून देवळाचा उंबरा ओलांडू दिला नाही. अस्पृश्य मानलेल्यांना तो उंबरा मोकळा व्हायला १९४७ उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. आम्ही दर्शनबारीत उभं राहण्याआधी चोखोबांच्या समाधीला हात लावतो. घाईत असाल तरी हे चुकवू नका.

पालखी परतते तीही पायीच. बार्शी, बीड, जालना करत सिंदखेडराजावरून. मेहुणाराजा तिथून फार लांब नाही. महिनाभर निघणं ज्यांना जमत नाही त्यांनी शेवटचा टप्पा धरावा, खामगाव ते शेगाव. एका दिवसाची चाल आहे. पहाटे निघा, चप्पल जुनीच घाला, आणि शेतावरच्या बाईलाही त्या दिवशीची मजुरी देऊन सोबत आणा.