टाकी लावलेला पाटा आणि हक्कसोडपत्र

रविवार, रात्री

स्त्रीमुक्तीने आपल्या आई-आजीच्या पिढीतल्या गृहिणीचा रोजचा दिवस सुधारला का? स्वयंपाकघरापुरतं म्हणाल तर नाही. तिथे भार उतरवला तो गॅसने, कुकरने, मिक्सरने.

वाड्यातलं पुरण आठवून पाहावं. किलोभर हरभऱ्याची डाळ शिजवायची, निथळून कट काढायचा, गूळ घालून आटवायची आणि गरम असतानाच पाट्यावर वाटायची. गार झाली की घट्ट होते, वरवंटा पुढे सरत नाही. कट नीट निघाला नाही तर पुरण सैल, आणि पोळी तव्यावर फुटते. पाटा झिजून गुळगुळीत झाला की डाळ नुसती घसरते, म्हणून त्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने टोचे मारून तो खरखरीत करायचा. मग आधी मूठभर तांदूळ वाटून टाकायचे, नाहीतर वाटणात दगडाची कचकच येते. पुरणयंत्राने ही मनगटमोड थांबवली. पुरण कोणी करायचं, ते मात्र बदललं नाही.

चळवळीने दिलं ते दुसरीकडे. पुण्यात १८८२ साली आर्य महिला समाज, १९०९ साली सेवासदन या स्त्रियांच्या संस्था निघाल्या. सेवासदनात शिवण, शुश्रूषा शिकलेल्या बाईच्या हाती स्वतःचे चार पैसे आले. ही फार मोठी गोष्ट होती, पण पोचली मोजक्याच घरांत.

मग कायदे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलगी वारस झाली. प्रत्यक्षात वडील गेले की तेरावं झाल्यावर भाऊ कागद पुढे करायचा, आपला हिस्सा सोडल्याचं हक्कसोडपत्र. "माहेर तुटायला नको" म्हणून बहीण सही करायची. ते नोंदणीकृत असलं की फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, होऊन सातबाऱ्यावरचं तिचं नाव कमी होतं. फसवून सही घेतली असेल तर ते कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. साडीचोळीवर समाधान मानणाऱ्या बाईला हे सांगणार कोण?

सर्वांत जास्त सलतो तो १९९४ चा महाराष्ट्राचा कायदा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने सहहिस्सेदार झाली, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या वगळून. म्हणजे ज्यांनी पाटे-वरवंटे ओढले, नेमक्या त्याच दाराबाहेर! ही अट गेली २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत वाटणी मात्र तशीच राहते, आणि सही केलेलं हक्कसोडपत्र आपोआप रद्द होत नाही.

काही घरांत तर सहीसुद्धा घेतली नाही. वारस नोंदीत बहिणींची नावंच घातली नाहीत. अशा बाईचा हक्क नाव नसल्याने बुडत नाही. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. त्यावरून जुन्या नोंदीची नक्कल काढावी, कोणत्या सालच्या नोंदीत कोणाची नावं गळली ते तिथे दिसतं.