एका रात्रीत संपणारं नाटक

एकच नाटक वर्षानुवर्षं चालणं रंगभूमीला मारक, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो. कोविडकाळातला खंड सोडला तर लंडनमध्ये 'द माउसट्रॅप' १९५२ पासून चालू आहे. डेव्हिड रेव्हन या नटाने त्यातला मेजर मेटकाफ ४५७५ वेळा केला. एवढ्या प्रयोगांनंतर भूमिकेत नवं काय सापडणार?

पण गोव्यातल्या मराठी हौशी मंडळांवर ही चिंता करण्याची वेळच येत नाही. दीड-दोन महिने रोज रात्री तालमी होतात, जत्रेला किंवा रामनवमीला देवळासमोर नाटक होतं आणि दुसऱ्या दिवशी नेपथ्य मोडीत निघतं. स्पर्धेच्या नाटकांचं नशीबही फारसं वेगळं नसतं. आपलं दुखणं प्रयोग कमी होण्याचं आहे.

पहिल्या प्रयोगात नट वाक्यं आणि जागा सांभाळत असतो. समोरच्याचं ऐकायला लागतो तो चौथ्या-पाचव्या प्रयोगात. साधा हशा घ्या. तो चढतो, टोकाला जातो, उतरू लागतो. पुढचं वाक्य त्या उतरणीवर टाकायचं. टोकावर बोललं तर वाक्य वाया जातं, पूर्ण शांत होईपर्यंत थांबलं तर प्रवेश थंड पडतो. हे तालमीत बसवता येत नाही, कारण तिथे हसणारं कुणी नसतं. कुठली दहा मिनिटं कापायला हवीत हेही प्रेक्षकांची चुळबुळ तीन-चार ठिकाणी दिसली की मगच कळतं.

दहाव्या-बाराव्या प्रयोगापासून बिघाडही सुरू होतो. हशा मिळालेल्या जागी नट रेंगाळतो, एखादं वाक्य पदरचं घालतो, समोरचा त्यावर दुसरं घालतो. प्रत्येकाचे चार-पाच सेकंदच, पण सव्वादोन तासांचं नाटक अडीच तासांवर जातं. म्हणून विंगेतल्या माणसाने प्रत्येक अंकाची वेळ संहितेच्या समासात लिहावी. हशे वाढलेले नसताना अंक तीन मिनिटांनी लांबला, तर पुढच्या प्रयोगाआधी बसून वाचन घ्यावं: हालचाली नाहीत, विराम नाहीत, दुप्पट वेग. कुणी काय पदरचं घातलंय ते लगेच उघडं पडतं.

नट बदलताना फार घाई होते. नव्या माणसाला जुन्या प्रयोगाचं चित्रण आणि एक तालीम मिळते. मग तो आधीच्या नटाची नक्कल करतो आणि बाकीचे त्या जुन्या नटालाच उत्तरं देत राहतात. त्याचे सगळे प्रवेश पूर्ण संचासह नव्याने बसवले तर बाकीचेही जागे होतात.

नेपथ्य पहिल्या दिवसापासून प्रवासाचं करावं. खिळ्यांची चौकट तिसऱ्या-चौथ्या बांधणीत डुगडुगते, कारण त्याच भोकात खिळा पुन्हा धरत नाही. चार बाय आठ फुटांचे कापडी फ्लॅट (कापड ताणलेल्या चौकटी), जोडायला बोल्ट किंवा पिन निघणाऱ्या बिजागऱ्या, मागे क्रमांक. सगळं एका टेम्पोत मावावं. देवळापुढचा मंच आणि फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिराचा मंच यांच्या मापांत फरक आहे; कडेचे दोन फ्लॅट काढले तरी दारं जागेवर राहतील अशी आखणी हवी. पावसाळ्यात फ्लॅट एकमेकांवर आडवे रचले की कापडाला बुरशी धरते. मध्ये फट सोडून उभेच ठेवावेत.

तियात्राकडे, म्हणजे गाण्यांनी भरलेल्या कोंकणी नाटकाकडे तरी आपण नीट पाहायला हवं. १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा प्रकार गोव्यात आजही तिकिटावर चालतो आणि गाजलेला तियात्र शंभर प्रयोग ओलांडतो. कथा तीच असते, पण मधली कांतारं, म्हणजे गाणी, ताज्या घडामोडींनुसार बदलता येतात, म्हणून पन्नासावा प्रयोगही शिळा होत नाही.

मराठी हौशी मंडळांना तिकीट काढून येणारा एवढा प्रेक्षक सहज मिळणार नाही. पण गावोगावचे उत्सव वेगवेगळ्या तिथींना असतात. आपल्या देवापुढे आपणच नाटक करायचं ही सेवा कुणी सोडणार नाही, सोडूही नये. जिथे दोन-तीन रात्री नाटकं होतात तिथे एक रात्र शेजारच्या गावाला द्यावी आणि त्यांच्याकडे आपलं नाटक न्यावं. गेल्या वर्षीचं चांगलं बसलेलं नाटकही अशा रात्रींसाठी जिवंत ठेवता येतं. टेम्पो आणि जेवण यजमानांकडे, लेखकाचं मानधन दर प्रयोगाला वेगळं. तारखा मात्र दिवाळीआधी ठरवाव्यात. तालमी सुरू झाल्या की कुणाच्याच जुळत नाहीत.