दोन भाज गो

दुपारी जेवून जरा आडवा झालो, तेवढ्यात भाच्याचा फोन. कुठल्याशा कंपनीचा आयपीओ येतोय, अर्ज भरायचाय, आणि त्या जाडजूड कागदपत्राच्या कपाळावर लिहिलंय ‘रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस’. “मामा, हे फसवाफसवीचं प्रकरण नाही ना?”

म्हटलं, नाही रे बाबा. २०१३ च्या कंपनी कायद्यात ३२ वं कलमच आहे त्याचं. शेअर किती आणि कितीला, एवढं पक्कं लिहिलेलं नसतं, बाकी सगळं असतं. पूर्वी अमेरिकेत अशा कागदांवर लाल शाईत इशारा छापत, म्हणून ते नाव.

“मग यात मासा कुठे आला?”

झोप गेली ती गेलीच.

हेरिंग म्हणजे आपल्या तारल्यांच्या कुळातला मासा. पाण्यात असतो तेव्हा चांगला रुपेरी. भरपूर मीठ लावून बरेच दिवस धुरावर धरला की तांबूस होतो आणि उग्र वास मारायला लागतो. विल्यम कॉबेट नावाच्या इंग्रज पत्रकाराने १८०७ मध्ये लिहिलं, की लहानपणी असाच मासा ओढत नेऊन त्याने सशामागच्या शिकारी कुत्र्यांना भलतीकडे पिटाळलं होतं. टोला होता वर्तमानपत्रांना. नेपोलियन हरल्याच्या खोट्या बातमीमागे ती धावत सुटली होती. अभ्यासकांना कॉबेटची ही गोष्टही रचलेली वाटते. असेना.

मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवायला मुद्दाम पुढे केलेल्या गोष्टीला इंग्रजीत ‘रेड हेरिंग’, म्हणजे लाल हेरिंग, म्हणतात. आपल्याकडे याला काय म्हणावं? ‘दिशाभूल’ला सरकारी खुलाशाचा सूर आहे. ‘हूल’ बरी, पण तिला वास नाही. चकवा लागतो तो रात्री माळावर, आणि त्यात दोष द्यायला कुणी सापडत नाही. इथे मात्र कुणीतरी मुद्दाम मासा ओढत असतं.

माझ्या आजोळी, मालवणकडे, ते काम आजीकडे होतं.

महिनाअखेरीला तिन्हीसांजेला आजोबा ओटीवर कंदील घेऊन हिशोबाची वही उघडत. पाचदहा रुपयांचा खड्डा ठरलेला. आजीने धाकट्या मामाला गुपचूप दिलेले असत, हे मांजरालासुद्धा माहीत होतं. “हय ये गो जरा,” अशी हाक आली की आजी ‘ओ’ द्यायची नाही. फुंकणीने निखारे फुलवायची, डब्यातून एक सुका बोंबील काढायची आणि अलगद वर ठेवायची. बोंबील आधी नुसता पडून राही, मग शेपटाकडून वळायला लागे, कडा काळ्या होत, तडतड होई, आणि वास माजघर ओलांडून ओटीवर. पहिलं मांजर उठे. मग आजोबा, पेन्सिल कानावर अडकवून. आजी बोंबील कुस्करून कांदा-खोबऱ्यात कालवायची, शेजारी पेज. वही ओटीवर तशीच उघडी.

आजोबा दरवेळी कसे फसतात याचं मला नवल वाटायचं. आजीचा अभिमानसुद्धा, जरासा.

सातवीच्या मे महिन्यात मामाने बहुतेक काहीतरी जबरच उपद्व्याप केला असावा. आजोबा बराच वेळ वहीत बोट धरून बसले होते. हाक काही मारली नाही. आत आजीने फुंकणी उचलली, तसा ओटीवरून आवाज आला,

“दोन भाज गो. आज हिशोब मोठो आसा.”