वीस पिशव्या, एकच माती

गेल्या मंगळवारी अठराव्या फ्लास्कला माझा हात थांबला. मातीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) काढताना शेवटी ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचे असतात, निळसर जांभळा रंग एका थेंबात चकचकीत हिरवा होतो, तो थेंब हुकला की सगळं पहिल्यापासून. तेरा वर्षं करतेय, हात बसलाय. पण अठरा शेतकरी, अठरा गट नंबर, आणि रीडिंग सगळ्यांचं एक-दोन थेंबांच्या आत? अहो, सख्ख्या भावांच्या वाटण्यासुद्धा इतक्या जुळत नाहीत.

उरलेल्या मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकून बघितलं, वीसच्या वीस सारख्याच फसफसल्या. म्हणजे चुनखडीपण सेम. हे नमुने ज्या गावचे, माझी मावशी त्याच गावात दिलीये, नदीकाठाला काळी जमीन आणि वर टेकाडाकडे नुसता मुरूम, तिथल्या मातीला बुडबुडासुद्धा येत नाही हे मी स्वतः करून बघितलंय.

नाशिक जिल्ह्यात विद्यापीठांना तोटा नाही, १९८९ चं मुक्त, १९९८ चं आरोग्य, शिवाय राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं निफाडचं केंद्र, त्यामुळे माझी लॅब कुठली ते राहू द्या. नमुने आणले होते आमच्याच डिप्लोमाच्या पोराने, त्याच गावचा. प्रोजेक्टला वीस शेतकरी लागतात, मार्क त्यावर. (वीसच का, हे वर कोणाला विचारायची सोय नाही.)

बोलावलं. आधी "सगळ्यांचीच घेतली मॅडम", मग मान खाली. माती सगळी त्याच्या वडिलांच्या द्राक्षबागेतली, नावं सातबाऱ्यावरून. आणि गंमत म्हणजे घेतली होती अगदी शिकवली तशी, वरचा काडीकचरा बाजूला करून, इंग्रजी व्ही सारखा खड्डा, आठ-दहा जागची एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवायचे असं करत अर्धा किलोपर्यंत आणलेली, सावलीत वाळवलेली. एरवी लोक युरियाच्या गोणीत माती भरून आणतात आणि रिपोर्ट गडबडला की शिव्या आम्हाला. इतका चांगला नमुना या वर्षी आलाच नव्हता आणि तो खोटा.

"कोणी देईना हो मॅडम. म्हणतात मागं नेली होती विद्यापीठाने, तिचं काय झालं?"

मला रागच आला. रजिस्टर उघडून दाखवलं त्याला, दोन वर्षांपूर्वीचे चौतीस रिपोर्ट, ग्रामपंचायतीचा शिक्का, शेरा 'वाटप पूर्ण'. अक्षर माझंच.

शनिवारी त्याच्याबरोबर गेले. पंचायतीच्या कपाटात, मतदार याद्यांच्या खाली, चौतीसच्या चौतीस तसेच. रबरबँड वितळून वरच्या कागदाला चिकटलेलं. ग्रामसेवक बदलून गेलेले, नवीन भाऊसाहेब म्हणाले चार्जमध्ये हे दाखवलंच नव्हतं. बरोबरच असेल त्यांचं.

मग आम्ही दोघं घरोघर फिरलो, ऊन मी म्हणत होतं. टेकाडाच्या पायथ्याला एक आजी कांदे निवडत बसलेल्या. पोराने त्यांच्या मालकांच्या नावाचा कागद काढला.

"ते गेले की मागच्या पोळ्याला," आजी म्हणाल्या. "वाच काय लिव्हलंय."

मी वाचलं. कर्ब कमी, जस्त कमी, शेणखत वाढवा, झिंक सल्फेट एवढं एवढं. आजींनी हातातला कांदा खाली ठेवला.

"दुकानवाला तर पोटॅशच देत व्हता. दोन साल पोटॅशच टाकलं."

पोटॅश भरपूर होतं त्या जमिनीत, कागदावरच होतं. मी ती ओळ वाचली नाही. पोराने माझ्याकडे बघितलं, त्याला पाठ आहेत या लेव्हल, त्याला कळलं.

"घे, माती पाहिजे ना," म्हणून त्यांनी कुदळ दाखवली. त्या दिवशी अकरा नमुने मिळाले, अकराच. नऊ जणांनी फाटकातूनच हात हलवला.

त्या जुन्या वीस पिशव्या अजून माझ्या रॅकवर आहेत. रजिस्टरला वीसही ओळींवर लाल पेनाने 'रद्द' मारलंय. शेजारी 'कारण' असा रकाना असतो. त्यात पोराचं लिहिलं तर प्रोजेक्ट जातो, आणि खरं सगळंच लिहायचं तर तो रकाना दोन इंचांचा आहे. सर विचारतायत, मी म्हटलं सोमवारी भरते.