समुद्रात सहाशे लिटर

सेशेल्सच्या माहे बेटावर, बोटी लावायच्या मरिनात, कॅप्टननं पहिला धडा दिला तो शिडाचा नव्हता, नळाचा. बोटीच्या टाकीत गोडं पाणी सहाशे लिटर, माणसं आठ, दिवस सहा. अंघोळ समुद्रात, वरून तांब्याभर गोडं पाणी, बस्स. बिचारा फार गंभीर होऊन सांगत होता. आम्ही चौघं सोलापूरकर एकमेकांकडे बघून हसलो. वर्षानुवर्षं चार-चार दिवसांआड नळ पाहिलेल्या गावच्या माणसांना हे शिकवणं म्हणजे कमालच!

सेशेल्सला आम्ही ऑगस्टात गेलो. या दिवसांत आग्नेयेकडून वारा सुटलेला असतो. प्रालँ बेट माहेच्या ईशान्येला, साधारण ४५ किलोमीटरवर, त्यामुळे वारा आडवा मिळतो आणि शिडाची बोट झकास पळते. इंजिन बंद झालं, शीड फडफडून ताणलं गेलं आणि पुढचे चार तास फक्त पाण्याचा आवाज. म्हणजे आमच्या दोस्ताच्या ओकाऱ्या सोडून. "का बे, अक्कलकोट रोडला पण एवढं हलत नाही," एवढं म्हणून तो परत कठड्याला लटकला.

प्रालँवरचं व्हॅली द मे हे जंगल १९८३ पासून जागतिक वारसा आहे. तिथल्या माडांच्या दोन फाकांच्या बिया जगात सगळ्यात मोठ्या, वीस-वीस किलोच्या. पूर्वी त्या वाहत मालदीवला लागायच्या. झाड कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून लोक समजायचे की हे नारळ समुद्राच्या तळाशी लागतात. आपल्याकडे त्याला दर्याचा नारळ म्हणतात. लहानपणी आमच्या दारावर येणाऱ्या फकिराच्या हातातला काळा कटोरा याच्याच करवंटीचा. इतक्या वर्षांनी त्याचं झाड बघितलं आणि खरं सांगतो, किनाऱ्यापेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं.

किनारे सुंदर आहेत, वादच नाही. ला दीग बेटावरचे गुळगुळीत गुलाबी ग्रॅनाइटचे धोंडे सुमारे ७५ कोटी वर्षांचे. आमचा काळा दगड त्यांच्यापुढे कालचा पोर. क्युरिअस बेटावर महाकाय कासवं मान पुढे करून गळा खाजवून घेतात.

इकडे बोटीवर तिसऱ्याच दिवशी टाकीचा काटा निम्म्याच्या खाली. सोबतचं फ्रेंच कुटुंब दोन वेळा निवांत शॉवर घेत होतं. मग आमच्या हिनं कुठूनशी बादली शोधली, नळाचा ताबा घेतला आणि सगळ्यांना मापानं पाणी द्यायला लागली. बदल्यात रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली. तिखटानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही मोजूनच.

सहाव्या दिवशी टाकीत पाणी उरलं. कॅप्टननं काटा दोनदा ठोकून पाहिला. "तुमच्या गावाला समुद्र आहे का?"

"नाही," दोस्त म्हणाला, "तळं आहे. मध्ये सिद्धेश्वराचं देऊळ. पण तिथं आम्ही चालतच जातो."