१०५० टीआय निघालं, आरएक्स ६६०० बसलं

मंडळी, बरेच दिवस जुळवाजुळव चाललेलं अपग्रेड अखेर पार पडलं. पीसीतलं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड काढून आरएक्स ६६०० बसवलंय. बाकी सगळं जुनंच आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि १०८०पी, ७५ हर्ट्झचा मॉनिटर.

२०१६ सालच्या त्या १०५० टीआयने फार इमानाने साथ दिली. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर चालायचं, वेगळी केबल लागायची नाही. शेवटी अडलं ते ४ जीबी व्हीरॅमपाशी, म्हणजे कार्डच्या स्वतःच्या मेमरीपाशी. फोर्झा होरायझन ५ या गाड्यांच्या गेममध्ये टेक्स्चर (पृष्ठभागांचा तपशील) कमी करूनही मेमरी अपुरी पडत असल्याची सूचना यायची आणि वळणावर नेमकं चित्र अडखळायचं. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) कागदावर बरा दिसतो, खेळताना बोचतात ते मधले झटके.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारली तेव्हा स्वस्तात जुनं आरएक्स ५८० मिळत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं राबवून चलन कमावणं) बंद झाल्यावर अशी कार्डं बाजारात भरपूर आली. पण त्यातल्या कित्येकांचे बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेले असतात, वॉरंटी संपलेली असते आणि वीज १८५ वॅट लागते. माझ्या एसएमपीएसवर तेवढा भार टाकायची तयारी नव्हती. नवं ६५०० एक्सटी तर मी बी४५० वाल्या कुणालाच सुचवणार नाही. त्याला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्डमधल्या जोडणीच्या) चारच लेन आहेत, बी४५० वर त्या जुन्या ३.० च्या कमी वेगाने चालतात आणि व्हीरॅम पुन्हा ४ जीबीच. व्हीरॅम भरली की सगळी ने-आण त्या चार लेनवरून होणार. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे रेकॉर्डिंगचं ओझं प्रोसेसरवर. ६६०० ला आठ लेन, ८ जीबी व्हीरॅम आणि १३२ वॅट. एएमडी त्याला किमान ४५० वॅटचा एसएमपीएस सांगते, म्हणजे माझं गणित बसलं. थोडे पैसे जास्त गेले, पण एसएमपीएस बदलायचा खर्च वाचला.

बसवणं सोपं गेलं. आधी विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू हे ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर चालवून एनव्हिडियाचे ड्रायव्हर साफ केले. स्लॉटच्या टोकाची खिटी दाबली की जुनं कार्ड सुटतं. नवं बसताना तीच खिटी ‘टक्’ करून वर येते, तो आवाज ऐकल्याशिवाय स्क्रू लावू नका. या कार्डला एसएमपीएसमधून वीजेची केबल जोडावी लागते; तिचं टोक सहा आणि दोन पिनचं, असं दोन तुकड्यांत असतं. दोन्ही तुकडे एकमेकांत अडकवून एकदमच आत ढकलायचे, नाहीतर दोनवाला हमखास बाहेर राहतो.

खरा वेळ गेला तो रिसाइझेबल बारमध्ये. ही सोय चालू असली की प्रोसेसरला कार्डची सगळी व्हीरॅम एकदम हाताळता येते. बंद असली तर २५६ एमबीच्या खिडकीतून. एएमडीने २०२१ मध्ये ती रायझन ३००० मालिकेच्या प्रोसेसरनाही दिली. पण त्यासाठी मदरबोर्डच्या बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने पीसी सुरू करायची सोय) बंद करावं लागतं, आणि माझं विंडोज जुन्या एमबीआर रचनेच्या डिस्कवर होतं. सीएसएम बंद केलं असतं तर विंडोज सुरूच झालं नसतं. म्हणून आधी बॅकअप घेतला, मग डिस्क नव्या जीपीटी रचनेत बदलणारं विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी वापरलं. त्यात पहिल्यांदा नुसती तपासणी करता येते, ती पास झाली की मगच रूपांतर. प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त असतील तर ते नकार देतं. त्यानंतर बायोसमध्ये सीएसएम बंद, ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ आणि रिसाइझेबल बार चालू. अॅड्रेनालिन या एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये स्मार्ट अॅक्सेस मेमरी (रिसाइझेबल बारचंच एएमडीने दिलेलं नाव) ‘एनेबल्ड’ दिसलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

कार्डची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेडमध्ये बस (पीसीआयई जोडणी) १.१ दिसली तर घाबरू नका. कार्ड निवांत असताना वीज वाचवायला वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर दाबून रेंडर टेस्ट लावली की ‘एक्स८ ३.०’ दिसतं.

फरक? फोर्झा हाय सेटिंगवर, ७२ एफपीएसची मर्यादा घालून, न अडखळता सलग चालतंय. मेमरीची सूचना गायब. सायबरपंक या गेममधल्या गर्दीच्या बाजारात मात्र एफपीएस पडतो, आणि रिझोल्यूशन उतरवलं तरी वाढत नाही. याचा अर्थ तिथे आता प्रोसेसर कमी पडतोय. तुमच्याकडेही हीच चाचणी करून बघा, नवं कार्ड घ्यायच्या आधी केलीत तर उत्तम.

सध्या अंडरव्होल्टिंग, म्हणजे कार्ड कमी तापावं म्हणून त्याचं व्होल्टेज उतरवणं, चालू आहे. एका वेळी २५ मिलिव्होल्ट उतरवायचे, मग तासभर खेळायचं. ड्रायव्हर कोसळला की एक पायरी मागे. उन्हाळ्यात बंद खोलीत त्याचा फायदा होईल. कॅबिनेटला पुढून आणखी एक १२० मिमीचा पंखा लावायचाय, आणि मग याच बोर्डवर रायझन ५ ५६०० हा नवा प्रोसेसर. बायोस आत्ताच अपडेट करून ठेवलाय.