शिंकताना लघवी होते? उपचार आहेत!

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी होते. त्या वेळी डॉक्टर किंवा सुईण गरज पाहून ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहून देतात. साधारण 10 बैठका असतात आणि खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. लियाँमध्ये ही चिठ्ठी हातात पडल्यावर मी ठाण्याला आईला फोन लावला. "यावर व्यायाम असतो?" तिने विचारलं. आमच्या नौपाड्याच्या घरात शेक, मालिश, डिंकाचे लाडू, पोटाला पट्टा, कशाचीच कमी नव्हती. या स्नायूंबद्दल मात्र कुणी कधी बोललं नव्हतं.

पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत हे स्नायू झोळीसारखे पसरलेले असतात आणि मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय यांना खालून आधार देतात. गरोदरपणाचा भार, प्रसूतीतला ताण, जुनं बद्धकोष्ठ, सततचा खोकला यांनी ते सैल पडतात. मग खोकताना, हसताना, पिशव्या उचलताना थेंब गळतात. कुणाला अंग खाली उतरल्यासारखं वाटतं. सिझर झालेल्या बायकांनाही हा त्रास होऊ शकतो.

पहिल्याच बैठकीत सुईणीने माझी परवानगी घेऊन, हातमोजा घालून आतून तपासलं. स्नायू वर खेचले जातात का, हे तिला पाहायचं होतं. कारण पुष्कळ बायका श्वास रोखतात, कुल्ले आवळतात किंवा उलट खाली जोर देतात. अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये हे व्यायाम मांडले, तेव्हा आकुंचन मोजायला दाब दाखवणारं उपकरणही वापरलं होतं. आज 'केगेल' सगळ्यांना ऐकून माहीत आहे, तपासणी मात्र मागे राहिली. मला हे फार खटकतं.

गॅस अडवल्यासारखं आवळायचं, वर ओढायचं, काही सेकंद धरायचं आणि पूर्ण सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वेळी किमान 8 आकुंचनं, दिवसातून 3 वेळा, निदान 3 महिने. शिंक येतेय असं वाटलं की आधीच आवळून धरायचं. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव मात्र करू नका. काहींचे स्नायू आधीच ताठ असतात, दुखतात. त्यांना आवळणं नव्हे, सैल सोडणं शिकवावं लागतं. म्हणून आधी तपासणी हवी.

यंदा ठाण्याला आले तेव्हा कळलं, काकूने गडकरी रंगायतनला नाटकं बघणं कधीच सोडलंय. मध्यंतरापर्यंत धीर धरवत नाही म्हणून. तळावपाळीला फिरायला जातानाही आधी बाथरूम कुठे, हा विचार. "वय झालं, चालायचंच," म्हणाली. मला रडू आलं. इतकी वर्षं तिने एकटीने हे सोसलं, आणि साठीनंतरही या स्नायूंना ताकद येते हे तिला कुणी सांगितलं नाही. घाईची लघवी लागते तेव्हा थोडं थोडं थांबायची सवय लावणं, हाही उपचाराचाच भाग असतो.

ठाण्यात फिजिओथेरपिस्टकडे फोन करताना थेट विचारा: "ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम तुम्ही करता का? तपासणी करता का?" प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर काकांना, बाबांना गळती होत असेल तर त्यांच्यासाठीही विचारा. लघवीत रक्त दिसलं किंवा जांघेत बधिरपणा आला, तर मात्र व्यायामाची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा.